फोनवरून घराचं अचूक लोकेशन कसं घ्यावं: उपग्रह तपासण्यापासून पिन पाठवण्यापर्यंत

इंदूरच्या खजुरी बाजारातल्या किंवा रामबागेतल्या घराचं लोकेशन पाठवलं की पिन हमखास मागच्या गल्लीत पडते. सुदामा नगरात एका सेक्टरचं पार्सल दुसऱ्या सेक्टरात फिरत राहतं. फोन नवा असतो, डब्यावर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, भारताचं नाविक अशी उपग्रह-व्यवस्थांची सगळी नावं छापलेली असतात, तरी हे होतं. कारण बहुतेक लोक घरात बसून, ॲप उघडताक्षणी जो निळा ठिपका दिसेल तोच पाठवून देतात.

डाक विभागाने २०२५ मध्ये डिजिपिन हा जागेचा डिजिटल कोड आणल्यापासून ही घाई जास्त नडते. १० चिन्हांच्या या कोडचा प्रत्येक चौकोन साधारण ४ मीटर लांब-रुंद आहे. चांगल्या फोनची चूकही मोकळ्या आकाशाखाली ५ मीटरच्या आसपास असते. म्हणजे सगळं नीट केलं तरी शेजारचा चौकोन लागू शकतो. घरात बसून घेतलेला कोड तर समोरच्याच्या अंगणाचा निघायचा.

खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. क्रम बदलला की आकडे चांगले दिसतात, पण जागा चुकीची निघते.

तयारी: काय हवं आणि कोणती वेळ

फोन निम्म्याहून जास्त चार्ज हवा, इंटरनेट चालू हवं आणि जवळ वही-पेन हवं. कव्हर धातूचं असेल, किंवा गाडीतल्या होल्डरसाठी मागे लोहचुंबकाची पट्टी चिकटवलेली असेल, तर ते काढून ठेवा. धातू सिग्नल अडवतो आणि चुंबकामुळे होकायंत्र बिघडतं.

वेळ सकाळची निवडा, पोहे-जिलबी आटोपून दहाच्या आत काम झालं तर उत्तम. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर येताना वातावरणाच्या आयनांबर या थरातून जातो आणि तिथे त्याला उशीर होतो. हा उशीर दुपारी सर्वांत जास्त असतो. मध्य भारतावरचं आयनांबर तर विशेष दाट, कारण चुंबकीय विषुववृत्तावरून वर उचलले गेलेले विद्युतभारित कण दोन्ही बाजूंना पसरून साधारण आपल्याच अक्षांशांच्या वर साचतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतर काही तास सिग्नल लुकलुकतोसुद्धा. म्हणून नवरात्रात रात्री घेतलेल्या पिनवर भरवसा नको.

पायरी १: फोन कोणते उपग्रह खरोखर वापरतो ते पाहा

डब्यावरचं नाव हा पुरावा धरू नका. अँड्रॉइड फोनवर जीपीएसटेस्ट हे मोफत ॲप घ्या, गच्चीवर जा आणि स्टेटस पान उघडा. तिथे एकेका उपग्रहाची ओळ दिसते. देशाचा झेंडा किंवा व्यवस्थेचं चिन्ह, उपग्रहाचा क्रमांक, फ्रिक्वेन्सी आणि सिग्नलची ताकद असे रकाने असतात. शेवटच्या बाजूला काही इंग्रजी अक्षरं येतात, त्यात यू असेल तरच तो उपग्रह जागा काढायला वापरला जातो आहे. नुसता दिसणारा उपग्रह कामाला आलेला असतोच असं नाही. भारताचा झेंडा दिसला, पण पुढे यू नाही, तर नाविकचा त्या क्षणी तुम्हाला काही उपयोग होत नाहीये.

आता फ्रिक्वेन्सीचा रकाना नीट बघा, कारण अचूकतेचं खरं रहस्य तिथे आहे. एल-१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ, ही जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते. एल-५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ, ही सगळ्या फोनमध्ये नसते. युरोपच्या गॅलिलिओचा ई-५-ए आणि चीनच्या बायदूचा बी-२-ए हेही याच फ्रिक्वेन्सीवर आहेत.

फरक पडतो तो असा. अरुंद बोळात हाक मारली की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ हाकेत मिसळतो. उपग्रहाचा सिग्नलही उंच भिंतींवरून असाच परावर्तित होऊन फोनमध्ये शिरतो, आणि लांबचा रस्ता कापून आल्यामुळे अंतर जास्त दाखवतो. एल-१ वरच्या जुन्या जीपीएस सिग्नलची एकेक खूण जवळपास ३०० मीटर लांबीची असते, त्यामुळे खरा सिग्नल आणि परावर्तित सिग्नल यांची सरमिसळ होते. एल-५ वर तीच खूण सुमारे ३० मीटरची असते, त्यामुळे फोनला दोघे वेगळे ओळखणं कितीतरी सोपं जातं. शिवाय आयनांबरातला उशीर प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगवेगळा लागतो. दोन्ही मिळाल्या की फोन त्यातून उशीर मोजू शकतो. एकच असेल तर त्याला अंदाजाच्या सूत्रावर भागवावं लागतं, आणि हे सूत्र साधारण निम्माच उशीर दुरुस्त करतं.

मराठी घरांत नाविकबद्दल आपुलकी आहे, मलाही आहे. म्हणूनच सरळ सांगतो. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या फ्रिक्वेन्सींवर प्रसारण करतात. एल-१ हा सिग्नल २९ मे २०२३ ला सुटलेल्या एनव्हीएस-०१ पासून आला. त्यामुळे नाविक पकडणाऱ्या बहुतेक फोनमध्ये एल-५ चं यंत्र असतं, आणि त्याच यंत्राने जीपीएस आणि गॅलिलिओचे एल-५ सिग्नलही मिळतात. नाविकचा फोन घेतल्याचा मोठा फायदा हाच आहे. एकट्या नाविकवर विसंबून राहण्याची स्थिती आज नाही. त्यातल्या अनेक उपग्रहांची, जागा काढायला लागणारी आण्विक घड्याळं बंद पडली, आणि २९ जानेवारी २०२५ ला सुटलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही.

*इशारा:* नाविक चालू करून देण्याचा दावा करणारं कोणतंही ॲप घेऊ नका. हे काम चिप आणि अँटेनाचं आहे, ॲप ते घालू शकत नाही. चिप एकच असली तरी एका कंपनीच्या फोनमध्ये एल-५ असतो आणि दुसरीच्या फोनमध्ये नसतो, कारण त्यासाठी अँटेनाचा खर्च वेगळा करावा लागतो.

आयफोनवर उपग्रहांची अशी यादी बघता येत नाही. तिथे मॉडेलवरूनच ओळखा. दोन फ्रिक्वेन्सी १४ प्रो पासून आहेत, नाविक १५ प्रो पासून.

*तपासा:* वापरात असलेले उपग्रह १५ च्या वर आहेत का? त्यातल्या काहींपुढे एल-५ किंवा ई-५-ए आहे का? असेल तर उत्तम. नसेल तरी काम थांबवू नका, पायरी ३ आणि ५ जास्त काळजीने करा.

पायरी २: सेटिंग याच क्रमाने

पहिल्यांदा इंटरनेट चालू ठेवूनच लोकेशन चालू करा. उपग्रह आकाशात कुठे आहेत याची ताजी माहिती फोन इंटरनेटवरून काही सेकंदांत घेतो. इंटरनेट नसेल तर एकेका उपग्रहाची माहिती त्याच्याच सिग्नलवरून उतरवायला साधारण ३० सेकंद लागतात, आणि जीपीएसच्या सगळ्या उपग्रहांचं पंचांग उतरायला १२.५ मिनिटं. गावाला जाऊन बरेच दिवस बंद राहिलेला फोन पहिली काही मिनिटं भरकटतो तो यामुळे.

मग बॅटरी सेव्हर बंद करा. नकाशाच्या ॲपच्या परवानगीत अचूक लोकेशन हा पर्याय चालू आहे का ते पाहा. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून अंदाजे लोकेशन असा वेगळा पर्याय आला आहे, आणि परवानगी देताना घाईत तोच दाबला जातो. मग ॲप तुम्हाला मोहल्ला बरोबर दाखवतं, घर मात्र कधीच नाही.

गच्चीवर एखादं मिनिट थांबून उपग्रह लागले की वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, आणि लोकेशनच्या सेटिंगमधलं त्या दोघांचं स्कॅनिंगही बंद करा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. फोन जागा काढताना उपग्रहांबरोबर आसपासचे वायफाय राउटर आणि मोबाइल टॉवरही जमेस धरतो. नारायण बागेतून राजेंद्र नगरात घर बदललं आणि राउटर तोच आणला, तर त्या राउटरचा जुना पत्ता काही काळ फोनला खरा वाटू शकतो. नव्या घरात बसलेल्या माणसाचा ठिपका जुन्या गल्लीत उडी मारतो आणि घरचे म्हणतात फोन खराब झाला.

काम झाल्यावर हे सगळं पुन्हा चालू करायला विसरू नका. घरात, मॉलमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये वायफायवरचा अंदाजच उपयोगी पडतो.

*तपासा:* बनावट लोकेशन दाखवणारं ॲप कधी खेळ म्हणून टाकलं होतं का? असेल तर काढून टाका, आणि डेव्हलपर पर्यायांत जाऊन मॉक लोकेशनपुढे काही निवडलेलं नाही ना ते बघा.

पायरी ३: उभं राहायची जागा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि सगळ्यात जास्त सुधारणाही इथेच होते. महागड्या फोनने खोलीत जे जमत नाही ते साधा फोन गच्चीवर करून दाखवतो.

इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश उत्तर आहे. नाविकचे आणि गगनचे (जीपीएसची चूक सुधारणारी भारतीय व्यवस्था) भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, म्हणजे आपल्याला ते नेहमी आकाशाच्या दक्षिण भागात मिळतात. ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह इथून साधारण ६२ अंश उंचीवर, दक्षिणेकडे पण जरासा पूर्वेला असतो. ३२.५ अंशांवरचा नैर्ऋत्येच्याही पश्चिमेला, सुमारे ३५ अंशांवर. जीपीएसच्या कक्षाही विषुववृत्ताशी ५५ अंश कललेल्या असल्यामुळे उत्तर क्षितिजाजवळच्या आकाशात ते उपग्रह फारसे येत नाहीत. म्हणून घराची उत्तरेकडची बाल्कनी या कामाला सर्वांत वाईट. दक्षिण मोकळी असलेली जागा मिळाली तर तीच घ्या.

जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी चौकात उभं राहू नये. आकाशाचा चौकोनी तुकडा दिसतो, उपग्रहही लागतात, पण ते सगळे डोक्यावरच गोळा झालेले असतात. जागा नीट निघायला उपग्रह चारी दिशांना पसरलेले हवेत. जीपीएसटेस्टमध्ये एचडीओपी नावाचा आकडा याच पसरणीचा आहे. १ च्या आसपास असेल तर चांगलं, २ च्या वर गेला तर जागा बदला.

पुढच्या ओटल्यावर उभं राहायचं तर भिंतीला टेकू नका. गल्ली १० फुटांची आणि दोन्ही बाजूंना तीन मजले असतील, तर ओटला सोडून गच्चीवरच जा. पत्र्याच्या शेडखाली नको, पाण्याच्या स्टीलच्या टाकीला लागून नको, सोलरच्या पॅनलांमध्ये नको. विजय नगर किंवा निपानियाच्या उंच इमारतींत वरच्या मजल्याच्या बाल्कनीपेक्षा खाली गेटबाहेर, इमारतीपासून जरा दूर येऊन मोजलेलं बरं. बाल्कनीत अर्धं आकाश झाकलेलं असतं आणि समोरच्या काचांवरून परावर्तन येतं.

गच्चीवर काय बदलतं ते एकदा डोळ्यांनी पाहा. खोलीत सिग्नलचे आकडे १५ ते २५ डेसिबल-हर्ट्झ दरम्यान घुटमळतात, बऱ्याच ओळींपुढे यू नसतो. जिना चढून दार उघडलं की एकेक पट्टी हिरवी होत जाते, आकडे ३५ च्या वर सरकतात, काही ४५ ला टेकतात.

फोन पोटाशी न धरता हातभर पुढे धरा, स्क्रीन आकाशाकडे. उपग्रहांचा अँटेना बहुतेक फोनमध्ये वरच्या कडेला असतो, तिथे बोटं ठेवू नका.

पायरी ४: थांबा, आकडा उतरू द्या

नकाशातल्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ असतं. जीपीएसटेस्टमध्ये तेच मीटरमध्ये दिसतं. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवताना अमुक मीटरपर्यंत अचूक असं लिहिलेलं असतं. हा आकडा सुरुवातीला ५०-६० असतो आणि थोड्या वेळाने ५ किंवा ४ वर येतो. तो उतरणं थांबेपर्यंत काहीही करू नका. पूर्ण पाच मिनिटं द्या.

हा आकडा काय सांगतो तेही समजून घ्या. अँड्रॉइडमध्ये ५ मीटर याचा अर्थ खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. तीनांत एकदा ती बाहेर असणार. आणि हा फोनचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. गल्लीत सिग्नल भिंतीवरून आपटून येत असेल तर फोनला ते कळेलच असं नाही, तो ५ म्हणेल आणि प्रत्यक्षात २० ने चुकलेला असेल.

*इशारा:* रस्ता दाखवण्याचा मोड चालू असताना पिन घेऊ नका. त्या मोडमध्ये ॲप ठिपक्याला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. एबी रोडच्या सर्व्हिस रोडवर असताना तुम्ही मुख्य रस्त्यावर दिसता ते यामुळेच.

आकडा स्थिरावला की अक्षांश-रेखांश वहीत लिहा. दशांशातच लिहा आणि पाच घरं तरी ठेवा. इंदूरात पाचव्या घरातला एक म्हणजे साधारण एक मीटर. चार घरांवर तोडलं तर चौकोन थेट १०-११ मीटरचा होतो. आयफोनच्या होकायंत्रात खाली दिसणारे अंश-मिनिट-सेकंद या कामाचे नाहीत. एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण ३१ मीटर, आणि ते ॲप सेकंदाचे तुकडे दाखवत नाही.

*तपासा:* राजवाड्याच्या आसपासचे आकडे २२.७२ आणि ७५.८६ च्या जवळ असतात. २२ अंश ४३ मिनिटं हे कोणी २२.४३ असं लिहिलं, तर पिन ३० किलोमीटरहून जास्त दक्षिणेला, महूच्या पलीकडे विंध्याच्या घाटात जाते. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर ती स्वालबार्डच्या दक्षिणेला आर्क्टिक समुद्रात पडते. अक्षांश आधी, रेखांश नंतर.

पायरी ५: पुन्हा मोजा, पण लगेच नाही

एकाच जागी सलग पाच-सहा वेळा आकडे लिहून सरासरी काढण्यात फारसा अर्थ नाही. काही मिनिटांत उपग्रह जागचे फारसे हलत नाहीत, त्यामुळे तीच चूक पुन्हापुन्हा मोजली जाते. दोन-तीन तासांनी, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला, त्याच ठिकाणी उभं राहा. गच्चीवर खडूने खूण करून ठेवा.

दोन दिवसांच्या नोंदी ५ मीटरच्या आत जुळल्या तर त्यांची सरासरी घ्या. जुळल्या नाहीत तर तिसरी नोंद घ्या आणि जी एकटी पडेल ती सोडा. एल-५ नसलेल्या फोनवाल्यांनी ही पायरी अजिबात गाळू नये. घरात दोन फोन असतील तर दोन्हींवर घ्या, आणि सासूबाईंच्या जुन्या फोनपेक्षा दोन फ्रिक्वेन्सीच्या फोनला जास्त वजन द्या.

पायरी ६: नकाशावर ताडा आणि पिन दारापर्यंत आणा

वहीतले आकडे नकाशाच्या शोधखिडकीत घाला आणि उपग्रहचित्राचा थर चालू करा. पिन घराच्या छतावर पडते का ते पाहा. उपग्रहचित्रंही काही मीटर सरकलेली असू शकतात, आणि उंच इमारती चित्रात तिरक्या दिसतात, म्हणून छपरावरून निष्कर्ष काढू नका. जमिनीवरची खूण घ्या: गल्लीचं तोंड, चौराह्याचा कोपरा, मंदिराचा पार.

आता पिन गच्चीवरून दारावर सरकवा. गच्चीचा मध्य आणि दरवाजा यांत १०-१५ मीटर सहज असतात. मल्हारगंजाकडच्या कितीतरी जुन्या घरांना पुढून एक गल्ली आणि मागून दुसरी. पिन घराच्या मध्यावर राहिली तर नकाशा त्याला जी गल्ली जवळची वाटेल तिथे माणूस नेतो. ज्या दाराने लोक येतात त्याच्या समोर, रस्त्याच्या कडेला पिन ठेवा. डिजिपिन काढायचा तोही याच बिंदूचा काढा, फोनने आपोआप दाखवलेला उचलू नका.

पायरी ७: पाठवताना

पाहुण्याला किंवा डिलिव्हरीवाल्याला दर वेळी नवं लोकेशन पाठवू नका. तपासलेली पिन जतन करा आणि तिचीच लिंक द्या. व्हॉट्सॲपवर चालू लोकेशन पाठवायचंच असेल तर खाली येणाऱ्या जवळच्या जागांच्या यादीतलं नाव चुकून दाबू नका. तिथलं किराणा दुकान दाबलं की दुकानाची जागा जाते, तुमची नाही. लाइव्ह लोकेशन घरच्या पत्त्यासाठी वापरू नका, तुम्ही भाजीला निघालात की पत्ताही निघतो.

अक्षांश-रेखांश घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घराच्या नावाने एक संपर्क करून त्यात लिहून ठेवा. आजी-आजोबांसाठी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा, म्हणजे १०८ ला फोन करताना कोणी शोधत बसणार नाही. सोबत एक ओळ साध्या शब्दांत असावी: कोणत्या रस्त्याने आत यायचं, गल्लीत चारचाकी शिरते का, दार कोणत्या हाताला. फ्लॅट असेल तर विंग आणि मजला लिहा, पिनमध्ये मजला नसतो.